हवेची चाके आणि टोरीचे तेल

मित्रांनो, गोंदिया जिल्ह्यात केशोरी गावाच्या अलीकडे कालव्याला लागून एक कौलारू घर आहे. त्या घराच्या पडवीत खुंटीला दोन अवजड बूट टांगलेले दिसतील. प्रत्येक बुटाला पुढे एक आणि मागे एक अशी वीतभर उंचीची चाके आहेत. त्या जोडीतला उजवा तो मी. डावा पहिल्यापासून अबोल, तेव्हा दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते. अंगात फारसे त्राण उरलेले नाही, म्हणून दमादमाने सांगतो.

लोक मला स्केट म्हणतात. पण गुळगुळीत फरशीवर फिरणारे छोट्या चाकांचे स्केट वेगळे आणि मी वेगळा. माझ्या चाकांत सायकलसारखी ट्यूब असते आणि ट्यूबमध्ये हवा. मुरूम, खडी, गवत, वाळलेला चिखल, कशावरूनही धावण्यासाठीच मला घडवले गेले. घडवले कुठे, ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो नागपूरच्या एका बंगल्यातला माळा. ज्या मुलासाठी मला विकत आणले, त्याने मला दोनदा पायात घातले, दोनदा आपटला आणि पुन्हा माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. तीन वर्षे मी तिथे जुन्या कुलरशेजारी धूळ खात पडलो होतो. नवेपणीच अडगळ झालो, आता बोला!

तिथून मला सोडवले वीरेंद्र सरांनी. ते तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात खेळ शिकवतात. बंगल्यातल्या माणसांशी त्यांची ओळख होती. "वापरत नसाल तर द्या, माझी एक पोरगी आहे, सोनं करेल," असे म्हणून त्यांनी आम्हाला मागून घेतले. ती पोरगी म्हणजे नूतन. अकरावीतली, सडपातळ, हट्टी आणि गुडघ्यांवर कायम खरचटलेली.

नूतन आम्हाला घरी घेऊन आली, तेव्हा तिचे आजोबा उदाराम अंगणात बैलांना वैरण घालत होते.

"हे का आनलं वं तू?" ते म्हणाले. "बैलाइले बुजवाचं सामान?"

"स्केट आहे, आबाजी. कालव्याच्या पाळीवर चालवीन."

"अन् पडली मंग?"

"पडीन. मंग उठीन."

म्हातारा मान हलवत आत गेला. पण दोन दिवसांनी त्याने बांबूच्या दोन काठ्या तासून, शेकून, सरळ करून तिच्या हातात दिल्या. आमच्यासारख्या स्केटवर धावताना दोन्ही हातांत काठ्या लागतात, हे तिने नुसते बोलता बोलता सांगितले होते. त्या काठ्या इतक्या हलक्या आणि चिवट निघाल्या, की सरही पाहत राहिले. उदाराम असा माणूस. बोलणार उलटे आणि रात्रंदिवस खपणार तुमच्यासाठी.

मित्रांनो, ते दीड वर्ष माझ्या आयुष्याचे सोने होते. रोज पहाटे आम्ही कालव्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर असायचो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरे, मध्ये लाल मुरमाची वाट. बाभळीच्या काट्यांनी मला पुरते सतावले. माझ्या एकट्याच्या दोन ट्यूबना मिळून सात ठिगळे होती आणि ती सगळी बकारामच्या सायकल दुकानात लागलेली. तरी मी धावलो. सालेकशाकडच्या जंगलवाटांवर सरांनी सराव शिबिर घेतले, तिथे मी दगडधोंड्यांवरून धावलो. त्या दिवसांत मला थकवा माहीतच नव्हता.

मग सरांनी बातमी आणली. नोव्हेंबरात नागपूरजवळ निवड स्पर्धा होती. पाच किलोमीटर, कच्च्या वाटेने. पहिल्या चार मुली राज्याच्या संघात जाणार. अट एकच, वय अठराच्या आत. नूतनला जानेवारीत अठरा वर्षे पूर्ण होत होती. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. त्या दिवसापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात उदारामने बैल विकले होते. नांगरट ट्रॅक्टर करत होता, बैल म्हातारे झाले होते आणि त्यांच्यामागे राबायला घरात कोणाला वेळ उरला नव्हता. रिकाम्या गोठ्यात जाऊन उगाच उभा राहताना मी म्हाताऱ्याला खुंटीवरून कितीदा पाहिले आहे.

पोळा आला. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्यांना हळद आणि कोमट तूप किंवा तेल पळसाच्या पानाने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. नूतन कॉलेजात गेली होती, तिचे आईबाप शेतात निंदणीला. उदारामने चुलीवर टोरीचे तेल तापवले. टोरी म्हणजे मोहाची बी. वाटीत हळद कालवून तो गोठ्यात गेला, थोडा वेळ तिथेच थांबला आणि मग माझ्याकडे आला.

"तुमीच आता कामाचे," तो म्हणाला.

त्याने मला मांडीवर घेतले आणि चाकांना तेल चोळू लागला. मित्रांनो, इतक्या मायेने मला कधी कोणी हात लावला नव्हता, हे मी कबूल करतो. बैलगाडीच्या आसात घालतात तसे त्याने टायर आणि रिमच्या फटीतही तेल ओतले. रबर आतवर मऊ राहावे, एवढाच त्याचा हेतू. आम्हा दोघांच्या चारही चाकांना त्याने न्हाऊ घातले. मग हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मला ओरडून सांगायचे होते, की बाबा, मी चामड्याचा नाही, लाकडाचा नाही, तेल मला खाऊन टाकते. पण मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळी नूतनने माझ्यावरची हळद पाहिली आणि तिला हसू आले. म्हाताऱ्याचे मन राखायचे म्हणून तिने ती रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी वरवर पुसली. आत तेल गेले आहे, हे तिला ठाऊक नव्हते. पुढे पाऊस लागला आणि चिखलामुळे सराव पायीच झाला. मी खुंटीवर होतो. माझे रबर आतून फुगत होते आणि ठिगळांची पकड सुटत चालली होती. पाऊस उघडल्यावर तिने थोडा सराव केला. हवा लवकर कमी होते, असे तिला वाटायचे. ती पंपाने भरायची आणि पुढे निघायची.

नोव्हेंबरातली ती सकाळ मला नको वाटते. नूतन तिसऱ्या क्रमांकावर होती. तीन किलोमीटर झाले होते. उतारावर माझे मागचे चाक एकदम बसले. तिने काठीवर भार घेऊन स्वतःला सावरले आणि सपाट चाकावर, खडखडत्या रिमवर, तशीच पुढे गेली. चौदा मुलींत ती अकरावी आली. तिथे कोणी तिला बोल लावला नाही. ती एका दगडावर बसली आणि तिने मला पायातून काढले. मला माझीच लाज वाटली.

आम्ही घरी आल्यावर उदारामने आम्हाला पोत्यात घातले आणि नूतनला घेऊन तो बकारामच्या दुकानात गेला. "त्या नागपूरवाल्याइनं वाटेत खिळे टाकले असतीन," असे तो वाटभर म्हणत होता.

बकारामने टायर उघडला, ट्यूब बाहेर काढली आणि बोटे हुंगली.

"काकाजी, यात तेल कोनं टाकलं?"

उदारामने ती ट्यूब हातात घेऊन हुंगली.

"पाहा ना, रबर फुगून गेला. सारे ठिगळ निघून राहिले. खिळा नाई, काटा नाई. तेलानं झालं हे."

नूतन आजोबांकडे वळली. "आबाजी, तुमी मले इचारलं काऊन नाई?"

"बैलाले कोन इचारते, बाई?" म्हातारा हळूच म्हणाला. "खांदा पाहून समजते मले."

"याले खांदा आहे का?" ती ओरडली. "मायी एकच रेस होती, आबाजी! एकच!"

पोते खांद्यावर टाकून तो तिच्या मागे दहा पावले अंतर ठेवून घरी आला.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या मापाचे टायर गोंदियात मिळत नाहीत, मागवायचे मन कोणाला झाले नाही. जानेवारी उलटली. नूतन बारावीच्या अभ्यासाला लागली. माझे रबर चिकट झाले आहे, त्याला धूळ धरते आणि मला आता धावण्याची इच्छाही उरलेली नाही.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंवर माया जरूर करा. पण ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवे ते आधी विचारा. आम्हाला विचारता येत नसेल, तर आमच्या जाणकाराला विचारा. अज्ञानी माया सोसताना आम्ही फार थकतो. आणि माया करणाराही थकतो, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

कारण त्या दिवसानंतर उदाराम दर रविवारी सुके फडके घेऊन माझ्याखाली उभा राहतो. हात लावत नाही. आत अभ्यास करणाऱ्या नूतनला विचारतो, "पुसू का वं?" आतून उत्तर येत नाही. तो फडक्याची घडी घालतो आणि निघून जातो. असे किती रविवार गेले, ते मी मोजायचे सोडून दिले.

परवाच्या रविवारी तो आला. त्याने विचारले. त्याने फडके घडी करायला घेतले, तेवढ्यात नूतन दारात आली. तिने त्याच्या हातातले फडके घेतले, झटकले आणि पुन्हा त्याच्याच हातात दिले.

"पुसा," ती म्हणाली. "पन दाबून नोका पुसू. हरू हरू हात फिरवा, मी दाखवीन तसा."