फणसाच्या फळ्या

करवत पुन्हा रेघ सोडून डावीकडे गेली, आणि बुधाजी परबानं ओंडक्यावरूनच मुलाला, जयवंताला, शिवी हासडली. जयवंत खाली होता, कोरड्या गटाराच्या खाचेत उभा, डोळ्यांत भुसा. करवत वळवतो तो वरचा, खालचा नुसता ओढतो, असं तो पुटपुटला. ते खरं आहे हे बुधाजीला ठाऊक होतं, म्हणून त्यानं आणखी एक शिवी दिली.

वीस वर्षं बुधाजीनं परळच्या गिरणीत माग चालवला होता. तुटलेलं सूत त्याला आवाजावरून कळायचं. लाकडाचं मात्र काही कळत नव्हतं. कोळशाच्या पाण्यात भिजवलेली दोरी ताणून त्यानं ओंडक्यावर रेघा मारल्या होत्या, त्या अगदी सरळ होत्या. फळी निघाली ती एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं.

चाळीच्या मागचा फणस मालकानं दिवाळीनंतर तोडायला लावला. मुळं गटारात शिरली होती. ओंडका कुणी नेईना, तो बुधाजीनं मागून घेतला, कारण त्याला माळा घालायचा होता. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं निजत. जयवंताला मुलगी सांगून आली होती कणकवलीकडची, आणि तिचा बाप रामजी राणे एका गोष्टीवर अडून बसला होता.

"माझा चेडू साडयेच्या आडोशाक निजूचा नाय," त्यानं तोंडावर सांगितलं होतं. "माळो घालशात तर लगीन, नायतर ऱ्हवांदे."

अक्षय्य तृतीयेला तो स्वतः येऊन माळा बघणार होता आणि मगच तारीख धरणार होता.

पाच रविवार घासून अकरा फळ्या निघाल्या. लोक बघायला येत, हसून जात. समोरच्या चाळीतला गणपत कांबळे तेवढा हसला नाही. तो रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होता आणि त्याच वर्षीच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. गणपतनं एक फळी उचलून तिच्या कडेवरून एक डोळा मिटून नजर टाकली आणि खाली ठेवली. बुधाजीला ते आवडलं नाही. गिऱ्हाईक बघतं तसं बघत होता.

फळ्या मागच्या बोळात रचल्या त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे शामराव आले. शामराव समितीचे. मैदानात सभा होती, व्यासपीठाला फळ्या कमी पडत होत्या. दोन दिवसांसाठी द्या, महाराष्ट्राचं काम आहे, म्हणाले. बुधाजी स्वतः मोर्चात लाठी खाऊन आलेला माणूस. पण सभेला गेलेली सतरंजीसुद्धा त्यानं कधी परत आलेली बघितली नव्हती. बघतो, म्हणाला. शिवाय पुढं शिमगा होता. होळीत पडलेलं लाकूड कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. आणि चाळीत दगड-काठ्या शोधत फिरणारा हवालदार परवाच विचारून गेला होता, एवढं लाकूड कशाला म्हणून.

बुधाजीनं सगळ्या फळ्या खोलीत घेतल्या. भिंतीशी एकावर एक घट्ट दाबून ठेवल्या, गोणपाटात गुंडाळून दोरीनं आवळल्या, वर गोधडी घातली आणि त्यावरच निजू लागला. आता न्या म्हणावं.

गणपत एकदा दाराशी आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "परब, ओलं लाकूड आहे. वारा लागू द्या त्याला. कोंडलंत तर कुजेल."

"बघतो," बुधाजी म्हणाला. तो गेल्यावर बायकोला, सुंदराबाईला, म्हणाला, "बाहेर काढूक सांगता. कित्याक सांगता, ता कळता माका."

रोज गोधडी उचलायची सुंदराबाई, आणि गोधडी खालून ओली लागत होती. खोलीला आंबूस वास यायला लागला. बुधाजी म्हणाला, फणसाचा वास तसाच. पंधरवड्यानं तिनं गोणपाटाचं टोक वर केलं, तर फळ्यांवर पांढरी बुरशी चढलेली, बोट लावलं की निघणारी, आणि खाली काळे डाग.

दुसऱ्या दिवशी बुधाजी पहिल्या पाळीवरून आला तर भिंत मोकळी. त्यानं सुंदराबाईकडं बघितलं. ती भाकरी थापत होती.

"समोर दिलंय," ती म्हणाली. "जयवंतानं नि मीया उचलून."

तो तसाच निघाला. जिन्यात शामराव भेटले, तेही मागून आले, बघायला. समोरच्या चाळीचा सोपा समुद्राकडं उघडा होता, वारा थेट यायचा. तिथं सावलीत चार विटांवर फळ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीच्या मधे बोटभर जाडीच्या लाकडी रिपा, एकाखाली एक ओळीत. टोकांना गणपतची बायको रमाबाई शेण-मातीचा लेप देत होती. वर दोन जड दगड.

बुधाजीनं मोजल्या. दहा.

"अकरावी?"

"अर्धी कुजली," गणपत म्हणाला, आणि कोपऱ्यातून ती आणून दाखवली. मधोमध अंगठा रुतत होता. "चांगला तुकडा कापून मधे सरकवलाय. दर रविवारी तो काढा, वाण्याच्या तराजूत घाला. वजन उतरतंय तोवर लाकूड ओलं. उतरायचं थांबलं की माळा घाला. टोकं आधी वाळली तर फाटतात, म्हणून लेप."

शामराव बुधाजीच्या कानाशी आले. "तुमच्या व्याह्याला कळलं ना, नवरीच्या अंगाखालचं लाकूड कुणाच्या दारात पडलं होतं, तर काय म्हणेल तो?"

बुधाजीनं खिशातून कोळसा काढला आणि दहाही फळ्यांवर खुणेची फुली मारली. गणपत बघत होता. रमाबाईनं शेणाचा हात तसाच हवेत धरला होता.

"खुशाल मारा," गणपत म्हणाला. "लेपात नका मारू, पुसेल."

दर रविवारी बुधाजी तुकडा घेऊन वाण्याकडं जाऊ लागला. वाण्याच्या मापावर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून एकाच तुकड्याचं वजन तो दोन दुकानांत करायचा. तुकडा प्रत्येक खेपेला हलका भरायचा. शिमगा आला, पोरं लाकडं गोळा करत फिरली. फळ्या दहाच्या दहा होत्या. निवडणूक झाली, चाळीत गुलाल उडाला. चैत्र लागला तरी वजन उतरतच होतं, आणि गणपत म्हणायचा, अजून नाही. याला आमचं लगीनच मोडायचं आहे की काय, असं बुधाजीला वाटायचं. तसं तो सुंदराबाईला बोललाही.

मग एका रविवारी वजन तेच भरलं. पुढच्या रविवारीही तेच, दोन्ही दुकानांत. तृतीयेला चार दिवस होते. गणपतनं रंधा आणला, जाड टोकं उतरवली, आणि यावेळी उंबऱ्याच्या आत येऊन जयवंताबरोबर माळा ठोकला.

रामजी राणे आला तेव्हा गॅलरीत माणसं जमली होती. शामराव दारातच उभे होते. राण्यानं आधी तुळई ठोकून बघितली, मग फळीत नख रुतवून बघितलं.

"लाकूड खंयचा?"

"हयच्याच फणसाचा. मीयाच कापलंय."

"आणि सुकवल्यान कोणी? ह्या काम तुमचा दिसणा नाय."

बुधाजीनं शामरावांकडं बघितलं. मग सुंदराबाईकडं. तिनं मान वर केली नाही.

"समोरच्या चाळीतल्या गणपत कांबळ्यांनी," तो म्हणाला. "त्यांच्या दारात सुकला. चार महिने."

बाहेर कुणीतरी खाकरलं. राण्यानं पायातलं काढलं, शिडीला हात घातला आणि चढला. माळ्यावर तो आडवा झाला. या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला. मग उठून गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हातांनी फळ्या दाबून अंगाचं सगळं वजन हलवून बघितलं, पुन्हा पुन्हा. खाली आठ माणसं वर बघत उभी. जयवंत गॅलरीत निघून गेला. सुंदराबाईनं पदर तोंडात कोंबला.

"आवाज येणा नाय," राणे वरून म्हणाला. "तारीख काढा."