वृंदाच्या नावाने

वृंदाच्या डाव्या स्तनातली सुपारीएवढी गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा ती चाळिशीत होती. बदलापूरच्या शाळेत चौथीला शिकवायची. साल १९९४. मुंबईच्या सर्जननी तिला समोर बसवून सांगितलं, "गाठ लहान आहे. तेवढी आणि भोवतालचा थोडा भाग काढू. स्तन राहील, आकारही फारसा बिघडणार नाही. सगळं काढलं तरी आयुष्य काही वाढत नाही. मात्र नंतर सहा आठवडे रोज इथे येऊन रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील."

"येईन," वृंदा लगेच म्हणाली.

बदलापुरात बेलवलीच्या घरी आल्यावर ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तिचा नवरा दिनानाथ आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर होता. त्याला घास उतरला नाही. त्याची थोरली बहीण मालिनी याच आजाराने गेली होती आणि शेवटपर्यंत तिचं सगळं त्यानेच केलं होतं.

ऑपरेशन झालं. पहिल्यांदा ड्रेसिंग बदलताना वृंदाने मान वाकवून पाहिलं. डावीकडे सपाट होतं. काखेपर्यंत नुसते टाके.

"डॉक्टर, गाठ मोठी निघाली का हो?"

सर्जन गोंधळले. "नाही. पण तुम्हीच विचार बदललात ना? मिस्टर आदल्या संध्याकाळी येऊन म्हणाले, वृंदा म्हणतेय सगळंच काढून टाका."

दिनानाथ दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

घरी आल्यावर ती पलंगावर बसली. मग विचारलं, "अहो, मी कधी म्हटलं असं?"

"नाही म्हटलंस." तो तिच्यासमोर येऊन बसला. "ताईचं मी पाहिलंय, वृंदा. कणभर जरी आत राहिलं असतं तर? मला तू जिवंत हवी होतीस."

"मग मला सांगायचं होतं. मी भांडले असते, रडले असते. शेवटी कदाचित हो पण म्हटलं असतं. आता ते मलासुद्धा कळायचं नाही."

दिनानाथ हुंदके देत रडायला लागला. एरवी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. ती भिंतीकडे बघत बसून राहिली.

जूनमध्ये ती शाळेत गेली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. "नवरा देवमाणूस हो तुमचा, किती केलं!" स्टाफरूममध्ये बायका म्हणाल्या. तिने मान हलवली.

ऑपरेशननंतर आखडलेला हात मोकळा व्हावा म्हणून दिनानाथ रोज संध्याकाळी तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. ती भिंतीवरून बोटं वर वर सरकवायची, तो सांगेल तिथपर्यंत.

"आज बरं वाटतंय ना?"

"हो," ती म्हणायची. मग साडी बदलायला आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची.