तीस बाय तीसचा लाल क्रॉस

चंद्रप्रकाश परबांना चौकशीचा रोगच होता. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा फ्लेक्स छापायचा गाळा. बारशाचा बॅनर न्यायला आलेल्या माणसालाही ते विचारणार, नाव कुणी काढलं, हॉल कुठला, जेवणात काय. अशा माणसाकडे भाची येऊन म्हणाली, "मामा, तीस बाय तीस फुटांचा पांढरा बॅनर हवाय. मधे लाल क्रॉस, बास." मग काय विचारता.

"खाली नाव कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"अगो, शुभेच्छुक तरी?"

"हॉस्पिटलच्या छपरावर टाकायचाय, मामा. बघणारा विमानात असतो. तो शुभेच्छुक नसतो."

भाची अपूर्वा ऑपरेशन थिएटरमधली नर्स. एका परदेशी संस्थेबरोबर, लढाई चालू असलेल्या देशात ती सहा महिने राहून आली होती आणि आता पुन्हा निघाली होती. घरात रडारड होऊन गेली. मामा त्यात पडले नाहीत. पोरगी ऐकणार नाही हे त्यांना माहीत होतं. तिचा जीव या बॅनरवर अवलंबून आहे, आणि बॅनर हा आपला धंदा आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. विमान किती उंचावरून जातं? लाल केवढा लाल? "आपल्या दवाखान्यांच्या पाटीवर असतो तोच ना हा?"

"दिसायला तोच. पण तो लढाईसाठी आहे, मामा. जखमींवर आणि त्यांना बघणाऱ्यांवर हात टाकायचा नाही, याची खूण. उगाच कुणीही वापरायचा नाही असा कायदा आहे."

मामांनी आजवर दोनतीनशे दवाखान्यांना तो छापून दिला होता. "आयला," ते म्हणाले, "मग मला कुणी बोललं कसं नाही?"

भाचीसाठी म्हणून त्यांनी सगळ्यात महागडा, चकचकीत फ्लेक्स काढला. वाऱ्याने फाटू नये म्हणून जागोजागी अर्धगोल चिरा दिल्या, इस्टेटच्या गच्चीवर तो अंथरला, कडेने विटा ठेवल्या. आता विमान कुठून आणायचं? समोरच्या बावीस मजली टॉवरच्या वॉचमनला पटवून मामा-भाची भर दुपारी वर पोचले. मामांनी खाली वाकून बघितलं. गच्चीवर नुसता पांढरा झगझगाट होता. त्या चकाकीत क्रॉस कुठे दिसतच नव्हता.

"वाट लागली," मामा म्हणाले. बारशाच्या बॅनरला जे शोभतं तेच त्यांनी लेकीसारख्या पोरीच्या डोक्यावर घातलं होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

दोन दिवसांत त्यांनी बिनचमकीच्या जाड कापडावर नवा छापला, गच्चीवर अंथरला आणि दोघं पुन्हा टॉवरवर गेली. बॅनर दिसायला अगदी निस्तेज होता, पण क्रॉस कुठूनही बघितला तरी ठसठशीत दिसत होता. मामा खूश झाले.

"बघ गो, आता चुकून कोण बॉम्ब टाकेल?"

अपूर्वाने खाली बघितलं. "तिकडचा मागच्या वेळचा पण असाच दिसायचा, मामा."

"मग?"

"मग काय. भर दुपार होती, आभाळ स्वच्छ होतं. बॉम्ब पडला, हॉस्पिटलची अख्खी एक बाजू गेली. माझ्या ड्युटीतले तिघं गेले. घरी बोलले नाही मी."

पोरीचा हात धरून तिला खाली न्यावं, घरी कोंडून ठेवावं, असं मामांना फार वाटलं. तरी शेवटी त्यांनी विचारलंच. "मग हा कशाला नेतेस?"

"दिसलं नाही, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून."

मामांनी कठड्याला घट्ट धरलं. खाली त्यांचाच बॅनर पसरला होता.

"मग वर लावलास की फोटो काढत जा," ते म्हणाले. "तारीख-वेळ दिसेल असा. आणि मला पाठव. रोज."

"बॅनरचा?"

"बॅनरच्या बाजूला तू उभी असलेला."