मक्यातली घोळ

हो, मीच ती घोळ. मक्याच्या ताटांमधून जमिनीसरशी पसरलेली, जाड पानांची, लाल दांड्याची. इथे मेक्सिकोच्या डोंगरात मला वेर्दोलागा म्हणतात. तण म्हणणारेही आहेत. म्हणू देत. मला कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, माझ्यासाठी कुणी देवळात मेणबत्ती लावली नाही. तरी मी दरवर्षी हजर! उपटून बांधावर फेका, पडल्यापडल्या बी पिकवीन आणि मगच सुकेन.

मी राहते ब्रिखिदाबाईंच्या शेतात. इकडे मका एकटा नसतो. त्याच्या अंगावर घेवडा चढतो, पायाशी भोपळा पसरतो आणि उरल्या जागेत मी. खुरपणीचा इथला रिवाज असा, की आधी घरातल्या बायका टोपल्या घेऊन फिरतात आणि माझे कोवळे शेंडे खुडतात. त्यांचं झालं की पुरुष कुदळी घेऊन उतरतात. म्हणजे सकाळी मी भाजी आणि दुपारी तण. गंमतच आहे. पण मी कधी तक्रार केली नाही. कोवळं त्यांनी नेलं, जून त्यांनी कापलं, बी माझं मातीत राहिलं.

माझं डोकं फिरवलं ते बाईंच्या लेकानं, लिबोरियोनं. तो बरीच वर्षं उत्तरेकडच्या मोठमोठ्या शेतांवर मजुरी करत होता. तिथे नजर पोचेल तिथवर नुसता मका, खालची माती झाडून काढल्यासारखी. यंदा तो कायमचा परतला आणि आईचं शेत बघून त्याला लाज वाटली.

"आई, हे शेत आहे की रान? लोक हसत असतील आपल्याला."

"हसणारेच घेवडा मागायला माझ्या दारात येतात," ब्रिखिदाबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. बारीक, काळाभोर घेवडा. बी बाईंच्या आईच्या हातचं. वर्षभर या घराच्या चुलीवर तोच शिजायचा. लेक परत आला, खाणारं तोंड वाढलं, म्हणून बाईंनी यंदा घरातलं होतं नव्हतं ते सगळं बी पेरून टाकलं होतं.

मग एका सकाळी लिबोरियो पाठीला तण मारायच्या औषधाचा पंप लावून आला. त्याची बायको हासिंता टोपली घेऊन बांधावरच उभी होती.

"अहो, थांबा की. आमचं खुडून होऊ द्या आधी."

"खुडायला काही राहणारच नाही. कमरेचा त्रास वाचला तुमचा."

"आणि मक्याला काही झालं म्हणजे?"

"विचारून आणलंय. मक्याच्या पानालाही धक्का लागत नाही. बाकी सगळं साफ."

बाकी सगळं! स्वतःच्या तोंडानं म्हणाला आणि स्वतःलाच ऐकू आलं नाही. तिकडे उत्तरेला बाकी म्हणजे फक्त मी होते. इथे बाकी कोण कोण होतं, ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं की.

औषध अंगावर पडलं. आग आग झाली. मी वेडीवाकडी वळले आणि आडवी झाले. त्यानंतर घेवड्याच्या वेली पिळवटल्या, भोपळ्याची पानं आक्रसली, फुलं गळाली. मका तेवढा ताठ उभा.

ब्रिखिदाबाईंनी एक वेल हातात घेतली. ती मक्यावरून आपसूक सुटून आली.

"लिबोरियो, घेवडा आपला आहे, हे तुझ्या औषधाला सांगायचं राहिलं का रे?"

तो बांधावर बसला. खरं सांगू? घेवड्यासाठी माझा जीव तुटला, शेजारी होता तो माझा. पण मला बरंही वाटलं. मला तण म्हणणाऱ्याला एकदा दिसलं तरी, की औषधाच्या लेखी घेवडाही तण आणि भोपळाही तण!

पावसामागून पाऊस झाले, औषध धुऊन गेलं. त्या उघड्याबोडक्या मातीतून सगळ्यांत आधी कोण वर आलं असेल? घेवड्याचं बी पुढच्या वर्षी बाईंच्या बहिणीच्या गावाहून मागून आणायचं ठरलं, आणि ते मागायला लिबोरियोनंच जायचं, असं बाईंनी बजावलं. पण यंदा चुलीवर काय चढवायचं?

शेवटी तोच गुडघे टेकून मला खुडायला बसला. मुळासकट ओढत होता. हासिंता हसून म्हणाली, "अहो, शेंडा घ्या नुसता. बाकीची राहू दे, परवा परत लागेल."

रात्री हिरव्या मिरचीत शिजवलेली मी आणि मक्याच्या भाकऱ्या. लिबोरियो खाली मान घालून जेवत होता.

"कसं झालंय रे तुझं तण?" ब्रिखिदाबाईंनी विचारलं.

त्यानं ताटली पुढे केली. "अजून वाढ," म्हणाला.

वाढा त्याला, पोटभर वाढा. तिकडे शेतात माझ्या बोंडांची टोपणं उघडताहेत आणि बी मातीत सांडतंय. तुम्हीही आपापली कुदळ घेऊन खुशाल या. मी इथेच आहे.