क्लच नसलेली गाडी

अयूबला इशरतभाभीच्या गाडीत क्लच हवा होता. लोकांना दुसऱ्याच्या ताटातलं काय काय हवं असतं, पण ह्या गृहस्थाला मेलेल्या भावाच्या गाडीत तिसरं पेडल हवं होतं, आणि त्यापायी त्याने इशरतच्या नाकी नऊ आणले होते.

इशरतचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. नवरा उमेर जहाजावर इंजिनात कामाला. मुंबईत कुणा साहेबाची जुनी जपानी गाडी विकायला निघाली, तेव्हा उमेरने डोळे झाकून घेतली, कारण तिला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. एक ब्रेक, एक अ‍ॅक्सिलरेटर, दोन्हींना उजवा पाय पुरे. भाट्याच्या पुलापलीकडे नेऊन त्याने बायकोला गाडी शिकवली, तिचं तेलपाणी बघायलाही. त्यांच्या मोहल्ल्यातले, राजिवड्यातले लोक तोंडात बोट घालून बघत बसले. बघू देत! जन्मभर कुणाच्या तरी खांद्याला धरून चाललेली बाई स्वतः गाडी हाकत बाजारात जायला लागली, ह्याचंच पुष्कळांना दुखलं.

दोन वर्षांपूर्वी उमेर गेला आणि धाकटा दीर अयूब गाडीची काळजी वाहायला पुढे झाला. आयत्या बिळावर नागोबा! "भाभी, गॅरेजात बाईमाणसाचं काय काम? मी नेतो सर्व्हिसिंगला." नेत होता खरा, पण दर सर्व्हिसिंगनंतर गाडी जास्तच बिघडून यायची. लिव्हर पुढे जाण्याच्या 'डी'वर टाकला तरी जागची हलायची नाही, आणि मग एकदम हिसका देऊन निघायची. चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि चाकांना त्याचा पत्ताच नसायचा. शेवटी ती साळवी स्टॉपकडे हरिश्चंद्र मिस्त्रीच्या गॅरेजात जाऊन पडली ती पडलीच.

त्यातच पूर्णगडला दिलेली तिची मुलगी नाझिया बाळंत झाली. मुलगी झाली. इशरत अयूबला म्हणाली, "मला पूर्णगडला सोड रे."

"आज नाही. मासळीसाठी टेम्पोत बर्फ भरलाय."

"मग उद्या?"

"उद्याही नाही."

एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत आणि रिक्षावाले तेवढं लांब यायला तयार नाहीत, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण तिने रोज विचारावं आणि आपण रोज नाही म्हणावं, ह्यात त्याला भारी गोडी लागली होती. बाळाला चाळीस दिवस झाले, नाव ठेवून झालं, आणि आजी इकडे राजिवड्यात भाकऱ्या थापतेय.

त्या सकाळीही ती भाकऱ्याच थापत होती. अयूबची बायको रुबिना चहा गाळता गाळता म्हणाली, "आज एकदाची कटकट मिटणार गो भाभी. मिस्त्रीने भंगारातून क्लचवाला गिअरबॉक्स आणलाय. हे म्हणाले, आता गाडी घरातल्या माणसांना चालवता येईल."

"आणि मी कोण? घरातलं मांजर?" इशरतच्या अंगाचा तिळपापड झाला. पिठाचे हात तसेच पदराला पुसून ती बाहेर पडली आणि रिक्षा करून गॅरेजात पोचली.

गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती. मिस्त्री पाना घेऊन खाली उतरण्याच्या बेतात. अयूब स्टुलावर बसून हुकूम सोडत होता.

"हात लावू नका माझ्या गाडीला!"

"तू का आलीस?" अयूब उठला. "गिअर गेलेत तिचे. ह्या गाडीला पार्ट मिळत नाहीत. साधा बॉक्स बसवतोय, उपकार मान."

"त्याला क्लच असतो. तो मी कशाने दाबू? तुझ्या डोक्याने?"

मिस्त्री खाकरला. "बाई, जीव आहे का ह्या गिअरबॉक्समध्ये? तेल भरपूर आहे, तरी ओढत नाही. म्हणजे आतल्या प्लेटा गेल्या."

"तेल भरपूर आहे? कसं बघितलंत?"

"कसं म्हणजे? सकाळी आल्या आल्या, थंड इंजिनावर. ट्रकचं बघतो तसंच. उलट दर वेळी जास्तच दिसतं, म्हणून मीच थोडंथोडं काढून टाकतो."

इशरत भिंतीला धरत धरत पुढे गेली, बॉनेटखालची गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढून काढली. तेल खुणेच्या वर होतं.

"बघा!" अयूब म्हणाला.

"तू गप बस."

ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं. ब्रेक दाबून धरला आणि लिव्हर एकेका खुणेवरून फिरवून परत थांबायच्या 'पी'वर आणला. तेल गरम होईस्तोवर थांबली. तेवढ्या वेळात अयूबने पेट्रोलची नासाडी, बायकांची अक्कल आणि मेलेल्या भावाची बायकोला लाडावून ठेवण्याची सवय, सगळ्याचा उद्धार करून घेतला. मग इंजिन चालू ठेवूनच ती उतरली आणि पट्टी पुसून पुन्हा बुडवून काढली.

पट्टी कोरडी. टोकाला काय तो लालसर ओलावा.

मिस्त्रीने ती तिच्या हातातून घेतली, स्वतः पुसली, स्वतः बुडवली. पुन्हा कोरडी.

इशरत म्हणाली, "इंजिन बंद असलं की तेल खाली उतरून साचतं. चालू केलं की पंप ते वर ओढतो. म्हणून हे तेल चालू इंजिनावर, गरम असतानाच बघायचं असतं. वास घ्या. करपलंय? नाही ना? मग प्लेटा शाबूत आहेत. तुम्ही गाडी उपाशी ठेवलीत, मिस्त्री, आणि आता तिच्या पोटात दुसऱ्याचं आतडं घालायला निघालात. पहिल्या सर्व्हिसिंगलाच मी अयूबला हे बजावलं होतं. तुम्हाला नाही बोलला?"

मिस्त्रीने अयूबकडे पाहिलं. "बोलले होते. पण म्हणाले, भाभीचं मनावर घेऊ नका, भाऊ गेल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही."

इशरतला भरून आलं. पण ह्या माणसापुढे रडणार? तिने डोळे कोरडे ठेवले. "लाल तेल आहे ना? मोठ्या गाड्यांच्या स्टिअरिंगला घालता ते. आणा."

मिस्त्रीने डबा आणला. चालू इंजिनावर, पट्टीच्या नळीतून थोडंथोडं ओतत तेल खुणेवर आलं. तिने लिव्हर 'डी'वर टाकला. गाडी हिसका न देता खड्ड्यावरून पुढे आली.

"सपाटीवर कुठलीही गाडी चालेल," अयूब शेजारच्या सीटवर येऊन आदळला. "भाट्याचा चढ चढून दाखव. अडली तर तिथूनच परत, आणि क्लच आजच बसेल."

"बस."

पूल ओलांडला. चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर गाडी जराशी कचरली. अयूब हसला. तिने अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडून पुन्हा दाबला. खालचा गिअर पडला, इंजिनाचा आवाज घट्ट झाला आणि गाडी सरळ वर निघाली. गोळपच्या सड्यावर, वरच्या उघड्या पठारावर, येईस्तोवर अयूबचं हसू कधीच विरलं होतं. काळ्या कातळावर ऊन तापलं होतं. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं.

तिने गाडी थांबवली. "उतर."

"इथे? का?"

"मी पूर्णगडला चाललेय. नात बघायला."

तो उतरला नाही, म्हणून तिने इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. शेवटी तिच्या तोंडाकडे बघून तो उतरला आणि दारात वाकून, मान खाली घालून म्हणाला, "भाभी, एवढ्या उन्हात कुठे जाऊ? मला घरी तरी सोड ना."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आज नाही," ती म्हणाली.

"अगो, मग मी कसा जाऊ?"

"मी पूर्णगडला कशी जाऊ, ते सांगायला तुझ्याकडे कधी वेळ होता?"

तिने हात लांब करून दार ओढून घेतलं आणि गाडी चालू करून पूर्णगडच्या रस्त्याला लागली.