साहेबांच्या आधी उठायचं नाही

भाचीला नोकरी लागली तेव्हा मामाने तिला कानमंत्र दिला होता. "काही झालं तरी साहेबांच्या आधी उठायचं नाही. बघ, तीन महिन्यांत कायम होशील." बिचारीने तो देवाची आज्ञा मानून पदरात बांधला.

नोकरी दातांच्या कवळ्या बनवायची. पोरीचा हात झरझर चाले. मेणात दात बसवून, हिरड्या कोरून ती इतरांच्या आधी मोकळी होई. मग सगळे पांगत, कोपऱ्यातली भट्टी तेवढी पेटलेली राही. साहेब मात्र पेपर उघडून बसत, आणि ही समोर झालेलीच कवळी पुन्हा घासत बसे. सहा वाजत, सात वाजत. साहेब तिच्याकडे बघून सुस्कारा टाकत अन् पुन्हा पेपरात शिरत. फळीवरचे प्लास्टरचे जबडे दात विचकून दोघांची गंमत बघत. 'या माणसाला घरदार आहे की नाही!' ती मनात चरफडे.

तीन महिने भरत आले तशी एका संध्याकाळी साहेबांनी पेपर आपटला.

"बाई गं, तुला कायम करणं जमायचं नाही. हात बरा आहे तुझा, पण सगळ्यांचं पाचला आटोपतं अन् तुझं सातलाही संपत नाही!"

"माझं? अहो, माझं साडेचारलाच संपतं!"

"मग बसतेस कशाला?"

"तुम्ही बसता म्हणून!"

"मी तू बसतेस म्हणून बसतो! नव्या पोरीला पेटत्या भट्टीपाशी एकटं सोडू? बायको म्हणते, अंथरूण तिकडेच न्या!"

"पण मामा म्हणाला..."

"मामा कुठे नोकरीला?"

"त्याचं स्वतःचं दुकान आहे."

"आणि त्याचे नोकर?"

"त्याच्या आधी उठत नाहीत."

साहेबांनी कपाळावर हात मारला.

"आत्ता करून दाखवू एक?" तिने मेणाचा डबा पुढे ओढला.

"आत्ता घरी जा, माझे आई! उद्या दाखव."

दुसऱ्या दिवशी साडेचारला तिने कवळी पुढे ठेवली. साहेबांनी दोन्ही जबडे मिटवले, उजेडात धरले, फट शोधली. सापडली नाही.

"झालीस कायम. ऊठ आता."

"पण तुम्ही अजून..."

"ऊठ म्हणतो ना!"

चोरी केल्यासारखी पिशवी छातीशी धरून ती बाहेर पडली. रस्त्यावर लख्ख ऊन होतं. एवढ्या उन्हाचं करायचं काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.