कोटासकट माप

"कोट चढवा अंगात, अर्डिसबाई. त्याशिवाय मी टेपला हात लावणार नाही."

ऑगस्टची दुपार होती. बंदुका घडवणाऱ्या मायलोच्या घरामागच्या शेडचा पत्रा तापून तडतडत होता, आणि हा पठ्ठ्या कोट घालायला सांगत होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? या उन्हात?"

"एल्क उन्हात मारणार आहात की नोव्हेंबरात? सदऱ्यावर माप घेऊन रायफलीचा दस्ता केला, की बर्फात तो कोटाच्या काखेत अडकतो. मग माझ्या नावाने बोटं मोडाल. दरवर्षी एक तरी येतोच असा, घरीच माप घेऊन आलेला शहाणा."

अर्डिसने वहीत लिहून आणलेला आकडा हळूच अंगठ्याखाली झाकला. तो तिने परवा आंघोळीनंतर, बिनबाह्यांच्या झग्यात, आरशापुढे उभं राहून घेतला होता. ती मुकाट्याने बाहेर गेली. तिचा लोकरी कोट बारा महिने पिकअपच्या सीटमागेच पडलेला असे.

अर्डिस अठ्ठावन्न वर्षांची. विलो फोर्कच्या शाळेत एकतीस वर्षं तिने स्वयंपाकघर सांभाळलं आणि जूनमध्ये निवृत्त झाली. गावातली चाळिशीच्या आतली सगळी माणसं तिच्या हातचं जेवून वाढलेली, मायलोही त्यातलाच. म्हणून तो तिला अहोजाहो करी आणि ती त्याला अरेतुरे. निवृत्त झाल्यावर लोक जहाजात बसून सहलीला जातात. अर्डिसला एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीसाठी स्वतःच्या मापाची रायफल करून घ्यायची होती. आयुष्यात तिने दुसऱ्याचंच काहीबाही वापरलं होतं: बहिणीचे कपडे, शाळेने काढून टाकलेली भांडी, आणि शेजारच्या हाल्वरकाकांची रायफल.

कोट घालून ती परत आली तेव्हा मायलो तिची वही वाचत होता.

"लांब जड नळी, हाताएवढी दुर्बीण, हजार पावलांवर अचूक मारा. हे कोणाच्या डोक्यातून आलं?"

"जावयाच्या."

"त्याने एल्क पाहिलाय कधी?"

"माझ्या फ्रीझरात पाहिलाय."

मायलो हसला. "तुमचा सगळ्यात लांबून टिपलेला एल्क किती पावलांवर होता?"

अर्डिसने आठवून पाहिलं. "दीडशे असेल. तोही उघड्या उतारावर होता म्हणून. बाकीचे पाइनच्या दाटीत, शंभराच्या आतच."

"मग हजार पावलांचं ओझं डोंगरावर कोण वाहणार? जावई?"

त्याने पेन्सिलीने अर्ध्या ओळी खोडल्या. नळी आखूड, वजन हलकं, दुर्बीण लहान. गोळी तीच, तिच्या खांद्याच्या ओळखीची. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. मग त्याने तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, कोपर काटकोनात वाकवायला लावलं, आणि कोपराच्या खळग्यापासून बोटाच्या पेरापर्यंत टेप धरला.

तेवढ्यात अर्डिसला काहीतरी आठवल्यासारखं झालं. असंच कोणीतरी, असंच कोपर वाकवून... पण उकाड्याने डोकं चालेना.

"साडेबारा इंच," मायलो म्हणाला. "चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत एवढंच हवं तुम्हाला. दुकानातली साडेतेराची असते. इतकी वर्षं लांब दस्त्याने कशी मारलीत हो?"

"लांब कुठली? हाल्वरकाकांची रायफल मला हातमोज्यासारखी बसते. बाहेर गाडीतच आहे, आज परत द्यायची आहे. दाखवते थांब."

हाल्वरकाका रविवारी मुलीकडे अ‍ॅरिझोनाला निघाले होते. वय त्र्याऐंशी, जाणार म्हणजे कायमचेच. त्याआधी रायफल परत करायची आणि त्यांचे आभार मानायचे, असं अर्डिसने ठरवलं होतं. रायफलीचं सोपं होतं. आभारांचं मात्र तीस वर्षांत जमलं नव्हतं. तिने तोंड उघडलं रे उघडलं, की काकांना कोंबड्यांची आठवण होई आणि ते उठून अंगणात जात. आता रविवार हुकला की संपलंच.

तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा ड्वेन गाडी आणि रायफल दोन्ही घेऊन नेव्हाडात निघून गेला. घरात दोन लहान मुली, शाळेचा अर्धवेळ पगार आणि पुढे हिवाळा. त्या आठवड्यात हाल्वरकाका दारात आले, रायफल दाराला टेकवून म्हणाले, "माझे गुडघे कामातून गेले. ही गंजायला नको, तू वापर." त्या वर्षी तिने पहिला एल्क मारला आणि मार्चपर्यंत मुलींच्या पानात मांस होतं. गुडघे गेलेले काका पुढच्याच आठवड्यात घराच्या छपरावर चढून फळ्या ठोकत होते. ते तिने पाहिलंही होतं. पण दोन लहान मुली घरात असलेल्या बाईला शेजाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार करायला वेळ कुठला असतो?

अर्डिसने गाडीतून आणलेली रायफल मायलोने घेतली, आधी ती रिकामी असल्याची खात्री केली आणि टेप लावला. पुन्हा लावला.

"साडेबारा," तो म्हणाला.

त्याने दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी दोन स्क्रू फिरवून काढली आणि दिव्याखाली धरली. "ही बघा. पट्टी कडेने कानशीने घासून लहान केलीय. लाकडावर करवतीच्या खुणा आहेत. कोणीतरी इंचभर कापलाय हा दस्ता. हात चांगला होता बरं का माणसाचा."

"छट. ती त्यांच्या वडिलांची रायफल आहे. हात लावू देत नसत कोणाला."

"तुमचं कोटासकट माप साडेबारा. हिचंही साडेबारा. काका किती उंच आहेत?"

काका सव्वासहा फूट होते. अर्डिसला काकांचं स्वयंपाकघर आठवलं. तीस वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. काका म्हणाले होते, "कोट घाल पोरी, कोपर वाकव. इंगाला तुझ्यासाठी जाकीट शिवायचंय, माप घेऊन ठेवतो." इंगाकाकू चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या आणि हसू दाबत होत्या. ते जाकीट कधी आलंच नाही. दरवर्षी एल्कच्या पाठीचं मऊ मांस काकांना नेऊन देताना अर्डिस टोमणा मारायची, "माझं जाकीट झालं का?" आणि काका म्हणायचे, "इंगाला विचार."

तिचे डोळे भरून आले. मायलो पट्टी पुन्हा बसवण्यात फार वेळ गुंतून राहिला.

काकांच्या घरी खोकीच खोकी होती. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मधोमध तेवढं स्वयंपाकाचं टेबल जागेवर होतं. ते रविवारी पलीकडच्या घरी जायचं होतं. काकांनी दोन कप कॉफी ओतली.

"काका, निघालात की. माझं जाकीट राहिलंच."

"इंगाला विचार."

"विचारलं असतं. ही घ्या तुमची रायफल. एकदा खांद्याला लावून दाखवा मला."

"आता कुठे? ही भांडी बांधायचीत."

"भांडी मी बांधते. लावा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग रायफल उचलली आणि खिडकीबाहेरच्या डोंगरावर रोखली. त्यांचा लांब हात कोंबडीच्या पंखासारखा मुडपला, आणि अंगठा नाकावर जाऊन आपटला. त्यांनी ती खाली घेतली.

"बसत नाही मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू इथे कोट घालून उभी होतीस ना, तेव्हापासून."

"गुडघ्यांचं काय मग?"

"गुडघे आत्ता आत्ता गेले."

काका कोंबड्यांसाठी उठू लागले, पण कोंबड्या तर मंगळवारीच शेजारी देऊन झाल्या होत्या. ते पुन्हा बसले.

"तुमच्या वडिलांची रायफल होती," अर्डिस म्हणाली. "डोंगरावर तुमचा जीव होता. आणि तुम्ही तीस वर्षं खाली बसून राहिलात. लांब दस्ता असता तर मला एकही एल्क मिळाला नसता, माझ्या पोरी काय जेवल्या असत्या मला माहीत नाही. मी तुमची फार फार ऋणी आहे, काका. हे ऐकून घ्या. आज तुम्हाला कुठे पळताही यायचं नाही."

काकांनी कपात आणखी कॉफी ओतली. त्यांचे कान लाल झाले होते.

"दरवर्षी डोंगर न चढता पाठीचं मऊ मांस खाल्लं मी," ते म्हणाले. "इंगा म्हणायची, पोरीला फसवतोयस तू. नवी रायफल होतेय ना?"

"होतेय. नाताळच्या आधी नाही मिळायची, म्हणतो मायलो."

"चालेल म्हण त्याला. पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलंयस. ही मला परत नको, मी काय करू? तुझ्या नातीचे हातही तुझ्यासारखेच आखूड आहेत. यंदा तूच वापर, मग तिला दे." त्यांनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "आता भांडी बांध. बोलली होतीस."

तिने एकूण एक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून बांधलं.

रविवारी सकाळी काकांच्या मुलीची गाडी आली. काका पुढच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसले. अर्डिसशी त्यांनी हात मिळवला. मिठी वगैरे त्यांच्यात नव्हतीच. पलीकडच्या घरचे दोघे भाऊ टेबल न्यायला आत गेले.

"इथे काहीतरी आहे हो," त्यातला एक ओरडला.

अर्डिस आत गेली. टेबल उचललेलं होतं. खिडकीकडच्या पायाखाली, जिथे जमीन खचली होती तिथे, लाकडाचा एक लंबगोल तुकडा पडला होता. इंचभर जाड, रायफलीच्या दस्त्यासारखाच अक्रोडाचा, दोन स्क्रूंची भोकं असलेला. त्या टेबलावर तिने किती कॉफी प्यायली होती, गणती नव्हती. टेबल कधीच हललं नव्हतं.

ती तुकडा घेऊन धावतच पायरीवर आली. गाडी फाटकाबाहेर पडत होती. तिने तो डोक्याच्या वर धरला. काका समोरच बघत होते, मान वळवली नाही. पण खिडकीवर टेकलेल्या हाताची दोन बोटं वर झाली, रस्त्यात ओळखीची गाडी दिसली की गावात सगळे करतात तशी.

गाडी वळणाआड गेल्यावर अर्डिसने तुकड्यावरची धूळ पुसली. पिकअपच्या सीटमागून कोट काढून तुकडा त्याच्या खिशात ठेवला आणि टेबलाचं दुसरं टोक धरायला परत गेली.